उशिराचं आमेन

आमेनमामांचे कान पत्र्याच्या कामी आले. मिसरूड फुटायच्या आधी ते वडिलांच्या दुकानात ऐरणीपाशी बसले ते बसलेच. बादल्या, पेट्या, धुराडी, छपराच्या पन्हळी, जे म्हणाल ते पत्र्यातून काढून द्यायचे. पण पत्रा काही मुकाट्याने वाकत नाही. तो ओरडतो, आणि चार भिंतींच्या आत ओरडतो. मामांच्या कानांनी ते बरीच वर्षं सोसलं आणि मग एकेक करत संप पुकारला. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. ते लावलं की सगळे आवाज एकाच पातेल्यात कालवल्यासारखे यायचे, म्हणून ते मशीन कपाटाच्या खणात जुन्या किल्ल्यांशेजारी जाऊन पडलं. मामी समोर उभ्या राहून बोलल्या की मामांना ओठांवरून सगळं कळायचं. त्यांनी तोंड फिरवलं की काही नाही. त्यामुळे त्या घरात भांडण कधी लांबलं नाही. मामींनी तोंड फिरवलं की विषय संपला.

खरी पंचाईत रविवारची. चर्चच्या पाळकांना मिशा होत्या. नुसत्या मिशा नव्हेत, चांगला झुबका. वरचा ओठ कसा होता हे त्यांच्या बायकोलाही आता आठवत नसेल. आणि मिशा नसत्या तरी उपयोग काय? प्रार्थना डोळे मिटून करायची. डोळे मिटले की मामांची उरलीसुरली वाटही बंद. प्रार्थना कुठवर आली, संपली का, आता उभं राहायचं की बसायचं, कशाचा पत्ता नाही.

त्यावर तोड काढली मेव्हण्याने. मेव्हणा म्हणजे मामींचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी, चर्चमध्ये मामांच्या डाव्या बाजूला बसणारा. बाही वर ओढली की उभं राहायचं, खाली ओढली की बसायचं. पाळकांनी प्रार्थना सुरू केली की मामांचा डावा हात मेव्हण्याच्या हातात, आणि प्रार्थना संपली की मेव्हणा तो हात दाबणार. हात दाबला की मामा म्हणणार, आमेन.

म्हणणार म्हणजे काय, ठोकणार. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस तो मापात कसा ठेवील? थेट छातीतून यायचं ते, लांबलचक, शेवटचा 'न' पार छपराला जाऊन भिडायचा. मामा डोळे उघडायचे तेव्हा बाकाबाकांवर माणसं हसरी दिसायची. मामांना वाटायचं, आज प्रार्थना छान झाली. मंडळीने त्यांना 'आमेनमामा' नाव पाडलं तेव्हा मामांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं. पुढे तर दुकानाच्या पाटीवरही रंगवून घेतलं: 'आमेनमामा, पत्र्याची सर्व कामे'.

आता तुम्ही म्हणाल, ऐकूच येत नाही तर हा माणूस जातो कशाला? अहो, ऐकू येत नाही असं कोण म्हणतं? चर्चमधले बाक जुन्या, जाड लाकडाचे. मामा समोरच्या बाकाची पाठ तळव्याने धरून उभे राहायचे. पाळक एकटे बोलत असले की लाकूड थंड. पण मंडळी गायला लागली, की एवढ्या माणसांचा आवाज फरशीतून, बाकातून चढत मामांच्या तळव्यात यायचा. बायकांचा आवाज बोटांच्या टोकांना लागायचा, पुरुषांचा मनगटाच्या वर. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणायचे तेव्हा तर मामांना ओळ न् ओळ हाताने कळायची आणि तेही त्यांच्याबरोबर म्हणायचे. आठवडाभर त्या माणसाला जगात फक्त पत्रा भेटायचा. रविवारी माणसं भेटायची, आणि तीही सगळी एकदम, हातात.

तर अशा बाकावरच मामांचा घात झाला.

झालं असं की चर्चमध्ये नवे लाउडस्पीकर आले. त्यांच्या समर्पणाला बिशप यायचे होते, आणि सगळी उपासना रेकॉर्ड होऊन परगावी गेलेल्या पोराबाळांना फोनवर दिसणार होती. महिनाभर धामधूम. भिंतींना रंग, खिडक्यांना पडदे, गायकांना मेव्हण्याने शिवलेले नवे झगे. मामांनी चर्चची जुनी पन्हळ काढून नवी बसवली आणि शिडीवरून उतरताना पाळकांना सांगितलं, "बिशपसाहेबांना कळू दे आपल्या मंडळीचं आमेन कसं असतं ते." पाळकांनी मान डोलावली. मिशांमागे काय चाललं होतं ते कोणाला दिसणार.

रविवारी मेव्हणा कोट घालून आला. उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि हा गडी कोटात. मामांना गंमत वाटली. पहिली प्रार्थना सुरू झाली. मामांनी नेहमीप्रमाणे डावा हात पुढे केला. मेव्हण्याने तो घेतला, हळूच थोपटला, आणि मामांच्याच अंगाशी परत सोडला. मामांना वाटलं, घाम आला असेल त्याच्या हाताला, वेळेवर दाबेल. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. छातीत श्वास भरून तयार. आणि बाही खाली ओढली गेली. म्हणजे बसा. मामांनी डोळे उघडले तर सगळे केव्हाचे बसलेले आणि बिशप शास्त्रपाठ वाचायला उभे. आमेन नेलं कोणी? ते घशातच राहिलं, गरम घास अडकावा तसं.

विसरला असेल, असं मामांनी मनाला समजावलं. दुसऱ्या प्रार्थनेला मात्र त्यांनी एक डोळा किलकिला ठेवला. देवाच्या घरात असं कधी केलं नव्हतं त्यांनी. मेव्हण्याचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि उजवा हात कोटाच्या खिशात होता. स्वतः शिवलेल्या कोटाच्या, स्वतः शिवलेल्या खिशात. मामा त्या खिशाकडे बघत राहिले. खिशाच्या कापडाला आतून मुठीचा आकार आला होता. पलीकडच्या बाकांवरचे ओठ 'आमेन' म्हणून मिटले, शेजारचे मिटले, मेव्हण्याचे मिटले. मूठ जागची हलली नाही.

बाहेर पायऱ्यांवर मामांनी त्याला गाठलं.

"हात का नाही दिलास?"

मेव्हणा कॉलर चाचपत म्हणाला, "दाजी, आजच्या दिवसापुरतं हो. चर्चच्या कमिटीत ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"रेकॉर्डिंग होतं ना. तुमचं आमेन जरा उशिरा येतं."

"उशिरा?"

"म्हणजे सगळ्यांचं म्हणून झालं की येतं. कधीकधी पुढची घोषणा सुरू झालेली असते. कधी गाणं."

मामा त्याच्या ओठांकडे बघत राहिले. वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, आणि मेव्हण्याने पुन्हा म्हटलं, सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून. ते जास्तच लागलं.

"आज उशीर झाला असं म्हणतोस?"

"नाही, दाजी. पहिल्यापासूनच."

मामांना ते सगळे हसरे चेहरे आठवले. इतक्या वर्षांचे, बाकाबाकांवरचे. प्रार्थना छान झाली म्हणून हसत नव्हते ते. मामांनी पायरीवरच्या माणसांकडे पाहिलं तर कोणाला चपला सापडत नव्हत्या, कोणाला पोरं सापडत नव्हती. शेवटी मामी सापडल्या, दाराच्या सावलीत उभ्या.

"तुला ठाऊक होतं?" मामांनी विचारलं.

मामींनी तोंड फिरवलं.

घरातल्या भांडणात ती गोष्ट हजारदा झाली असेल. पण त्या दिवशी मामांना कळलं की हे बोलणं थांबवणं नव्हतं, दार लावून घेणं होतं. तिला ठाऊक होतं. सकाळी शर्टाला इस्त्री करताना ठाऊक होतं. कदाचित पाटी रंगवून आणली तेव्हाही ठाऊक होतं आणि तेव्हा ती म्हणाली होती, अक्षर छान आलंय.

दुसऱ्या दिवशी मामांनी दुकानाची पाटी उतरवली, उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूने परत टांगली. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणाले, रंग उडाला.

त्यानंतर मामांचे रविवार घरी जायला लागले. मामी तयार होऊन दारात उभ्या राहायच्या, मामा वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. आता तोंड फिरवायची पाळी त्यांची होती. मामी एकट्या जायच्या, एकट्या यायच्या, स्वयंपाक करायच्या. दोघं जेवायची. घर तसंही शांत असायचं, पण मामांनाही जाणवेल इतकी शांतता पहिल्यांदाच झाली.

पाळक एकदा दुकानात आले. भला माणूस होता, आणि हुशारही. मामांना ओठ दिसावेत म्हणून त्यांनी दोन बोटांनी मिशा वर धरल्या आणि तशाच अवस्थेत बोलायला लागले. दुसऱ्या कोणत्या दिवशी मामा हसून हसून आडवे झाले असते.

"तुम्ही दिसत नाही, मामा. आजारी नाही ना?"

"पाठ धरते," मामा म्हणाले.

"यायला जमत नसेल तर आता सगळी उपासना फोनवर दिसते. घरी बसूनही प्रार्थना करता येते. देव सगळीकडे ऐकतो."

"देवाचे कान शाबूत आहेत, पाळकसाहेब. माझे नाहीत. तुमच्या फोनला बाक आहे का?"

पाळकांना काही उमगलं नाही. कसं उमगणार? मामांनी बाकाचं कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. सगळे तसेच ऐकतात अशीच त्यांची समजूत असल्यासारखे ते वागत आले होते.

"एक विचारतो," मामा म्हणाले. "कमिटीत तुम्ही होतात?"

पाळकांनी बोटं काढली. मिशा खाली आल्या. पुढे ते जे काही बोलले ते मामांना कळलं नाही, आणि मामांनी विचारलंही नाही.

तरी मामा हट्टाने घरी प्रार्थना करायचे. एका रविवारी, मामी गेल्यावर, ते स्वयंपाकघरात टेबलाची कड धरून उभे राहिले. डोळे मिटले. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले आणि पहिल्याच शब्दांना ठेचकाळले. आजवर कधी ध्यानात आलं नव्हतं, पण त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही, आम्हाला, आमचं. मामा त्या स्वयंपाकघरात आम्ही म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आम्ही म्हणजे कोण? मी आणि टेबल? मग त्यांनी चिडून 'मी' घालून पाहिलं. ती प्रार्थना राहिलीच नाही, सरकारी अर्ज झाला. आणि पुढे दुसऱ्यांच्या अपराधांची क्षमा करण्याची ओळ आली तेव्हा त्यांनी टेबल सोडूनच दिलं. कोणाला क्षमा? ज्या माणसांमुळे आम्ही म्हणता येतं त्याच माणसांनी गळा कापला होता. त्यांना सोडून म्हणावं तर प्रार्थना लागत नाही, त्यांना घेऊन म्हणावं तर मन तयार नाही. मामा खुर्चीत बसले आणि रडले. जोराने रडले की हळू, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या आठवड्यात मेव्हणा आला. कोट नव्हता. दुकानात इकडे तिकडे बघत उभा राहिला. उलटी टांगलेली पाटी बघून त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, एक सांगायचंय. उशिराचं."

मामांनी हातोडी खाली ठेवली नाही, पण मारलीही नाही.

"उशीर तुमच्यामुळे नव्हता होत. माझ्यामुळे व्हायचा. पाळकांची प्रार्थना संपली की आधी मी माझं आमेन म्हणायचो. म्हणून झालं की मग तुमचा हात दाबायचो. दोन्ही एकदम मला कधी जमलंच नाही. म्हणताना हाताची आठवण राहायची नाही."

मामांनी हे सावकाश पोटात घेतलं. "म्हणजे आधी तुझं पोचायचं, मग माझं निघायचं."

"मुद्दाम नव्हतो करत, दाजी."

"तेच म्हणतोय मी. मुद्दाम नव्हतास करत तेव्हा मी तुझ्या हातावर विसंबून उभा राहायचो. मुद्दाम केलंस ते एकदाच. आणि कमिटीत बोललास हे सगळं? की उशीर तुझ्या हातामुळे होतो?"

 कमिटीत सगळे मामांच्या आमेनवर बोलत होते तेव्हा हा बहाद्दर कानकोंडा होऊन बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याने. तेवढं बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"तुमच्या जागेवर कोणी बसत नाही," तो शेवटी म्हणाला. "या ना."

मामांनी पत्रा ऐरणीवर घेतला आणि ठोकायला सुरुवात केली. असं ठोकलं की शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. मामांना त्याचा काही त्रास नव्हता. ज्याचे कान चांगले होते त्याला होता. मेव्हणा कानांवर हात ठेवून निघून गेला.

त्या रविवारी मामी दारात उभ्या होत्या तेव्हा मामांनी विचारलं, "माझे बूट कुठे ठेवलेस?"

मामींनी त्यांच्यासमोर येऊन, तोंड वर करून विचारलं, "राग गेला?"

"नाही. राग घेऊनच येतोय. घरी ठेवला की वाढतो."

"त्या दिवशी मी तोंड फिरवायला नको होतं," मामी म्हणाल्या. हे त्यांनी मामांच्या डोळ्यांत बघून, ओठ नीट हलवून म्हटलं. मामांनी ते वाचलं. बुटांचे बंद बांधत राहिले.

चर्चमध्ये त्यांची जागा खरंच रिकामी होती. मामा बसले. माणसं माना वळवून बघत होती आणि मामा त्यांच्याकडे रोखून बघत होते, की काय रे, हसा आता. कोणी हसलं नाही. मेव्हणा आला, डावीकडे बसला. त्याने उजवा हात दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला, उताणा, बोटं उघडी. मामांनी पाहिलं. आपले दोन्ही हात उचलून त्यांनी समोरच्या बाकाची पाठ पकडली.

गाणं सुरू झालं, आणि लाकूड बोलायला लागलं. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटल्यासारखं मामांना झालं. बोटांच्या टोकांना बायका, मनगटाच्या वर पुरुष. डावीकडून एक बारीक, किंचित थरथरता आवाज येत होता तो मेव्हण्याचा, हे मामांना न बघता कळलं. मामांना त्याचा संताप आला आणि त्या आवाजाशिवाय ते लाकूड पुरं झालं नसतं हेही कळलं. दोन्ही एकदम. त्याचं काय करावं हे काही कळलं नाही.

मग प्रभूची प्रार्थना. मामांनी डोळे मिटले. आम्ही म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दाला तळ होता. ओळीमागून ओळ तळव्यातून येत होती आणि मामा बरोबर चालले होते. क्षमेची ओळ आली. मामांनी ओठ घट्ट मिटले. नाही म्हणणार. ढोंग करायला आलो नाही मी इथे. लाकूड मात्र थांबलं नाही. ती ओळ पाळक म्हणत होते, कमिटी म्हणत होती, मामी म्हणत होत्या, मेव्हणा म्हणत होता, आणि ती सगळी ओळ मामांच्या गप्प हातांतून गेली. तेवढी तुम्ही म्हणा, मामांनी मनात सांगितलं. आज तुमचीच गरज आहे ती. पुढची ओळ त्यांनी परत उचलली.

शेवट आला. लाकडाला एक ठोका बसला, छोटा, सगळ्यांचा मिळून, आणि शांत झालं. इतकी वर्षं त्यांचं सगळं ध्यान मेव्हण्याच्या हाताकडे असायचं, म्हणून हा ठोका कधी कळलाच नव्हता. कळला तोवर अर्थातच तो होऊन गेला होता. मामांना आता पक्कं ठाऊक होतं की उशीर झालाय, लाउडस्पीकर चालू आहेत, रेकॉर्डिंग चालू आहे, आणि आपण तोंड उघडलं की सगळ्या चर्चमध्ये आपण एकटेच असू. त्यांनी छाती भरून घेतली आणि म्हटलं. नेहमीएवढंच मोठं, नेहमीएवढंच लांब. 'न' छपराला जाऊन भिडला.

डोळे उघडले तेव्हा पाळक पुढचं पान उलटायचे थांबले होते. मेव्हण्याचा हात अजून बाकावर उताणा होता. मामांनी तो घेतला नाही.

परतताना मामी त्यांच्या जरा पुढे चालत होत्या. मध्येच थांबून वळल्या, मामांना नीट दिसतील अशा उभ्या राहिल्या.

"एक ओळ गाळलीत तुम्ही. तुमचा आवाज मध्येच बंद झाला."

"गाळली. मुद्दाम."

"पण आमेन म्हणालात."

"मग?"

"मग काय? आमेन काय आपल्या आवडीच्या ओळींनाच लागतं? ते सगळ्या प्रार्थनेला लागतं. गाळलेली ओळही त्यात आली."

मामा रस्त्यात उभेच राहिले. मनातल्या मनात त्यांनी सगळी प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा तपासली. कुठे पळवाट सापडेना.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पुन्हा फसवलंत," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की बराच पुढे गेलेल्या मेव्हण्याने थांबून मागे वळून पाहिलं.